सायकल गेटच्या आत घ्या : बडोद्यातल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना खुले पत्र

मा. प्रमुख, मंत्री (म्हणजे सेक्रेटरी) आणि कमिटीचे सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

गणपती गेले, नवरात्रीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं बाहेर निघाली आणि बऱ्याच सोसायट्यांच्या बोर्डावर वार्षिक सभेची नोटीस लागली. विषय नेहमीचेच असतात. मागचं इतिवृत्त, हिशेब, लिफ्टचा करार, टाकीची सफाई, भटकी कुत्री, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळचे विषय. त्या शेवटच्या सदरात मला एक विषय घालायचा आहे. तो एका सोसायटीपुरता नाही म्हणून पत्र उघडं लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी सोडून मांजलपूर, मकरपुरा, गोत्रीकडे राहायला गेलेल्या आपल्या मंडळींपैकी कितीतरी जण आज अशा कमिट्यांवर आहेत. गुजराती प्रत वेगळी काढते आहे, ती काळजी नसावी.

मागणी एका ओळीची आहे. सोसायटीत सायकलने येणाऱ्या प्रत्येकाची सायकल गेटच्या आत, सावलीत उभी राहू द्या.

हसू नका. सकाळी साडेसहाला गेटपाशी उभं राहून बघा. पेपरवाला, दूधवाला, रात्रपाळी संपलेला एक वॉचमन आणि दिवसपाळीला आलेला दुसरा, माळी, गाड्या धुणारी पोरं, झाडूवाल्या बाई, थोड्या वेळाने स्वयंपाकाच्या मावशी. यांतले बरेच जण सायकलवर येतात. माझ्या ओळखीच्या एका मावशींची सायकल त्यांच्या मुलीची आहे. नववीत जाणाऱ्या गरजू मुलींना सरकार सरस्वती साधना योजनेत सायकल देतं, त्यातली. मुलगी कॉलेजला बसने जायला लागली आणि सायकल आईकडे आली. ‘शहरात आता सायकल चालवतं तरी कोण?’ असं आपण विचारतो, तेव्हा ही सगळी माणसं आपल्याच गेटमधून आत येत असतात. फक्त चालत येतात, कारण सायकल बाहेर लावायचा हुकूम आपणच काढलेला असतो.

काही गेटांवर तशी पाटीच आहे. कामवाल्यांनी आणि फेरीवाल्यांनी सायकली आत आणू नयेत, अशा अर्थाची. जिथे पाटी नाही तिथे वॉचमनला तोंडी सांगून ठेवलेलं असतं. आणि त्या वॉचमनची स्वतःची सायकल कुठे असते? बाहेर, विजेच्या खांबाला साखळीने बांधलेली. त्याच्या भरवशावर आपल्या दहा-पंधरा लाखांच्या गाड्या रात्रभर आत उभ्या असतात. त्याची तीन-चार हजारांची सायकल चोरीला गेली तर त्याला नवीन घ्यायला किती दिवसांचा पगार लागेल, हा हिशेब खजिनदारांनी सभेत मांडावा अशी माझी नम्र सूचना आहे.

जागा नाही, हे पहिलं उत्तर मला माहीत आहे. एका मोटारीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा आपण आखून देतो. तेवढ्यात आठ सायकली सहज मावतात, समोरासमोर थोड्या तिरक्या लावल्या तर जास्तही. व्हिजिटर पार्किंगमधली एक चौकट दिलीत तरी बहुतेक सोसायट्यांचं काम होईल. तीही द्यायची नसेल तर तळघरात जाऊन या. 2020च्या लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेल्या गिअरच्या सायकली तिथे हवा गेलेल्या टायरांवर उभ्या आहेत, चेन गंजून लाल झाल्या आहेत. मालक त्यांना विसरले आहेत, पण त्यांना सावली आहे. त्या विकून टाका, कुणाला देऊन टाका, नाहीतर दुरुस्त करून चालवा. यातलं काहीही केलंत तरी जागा निघते.

दुसरं उत्तर सुरक्षेचं. ज्या मावशींच्या हातात आपण घराची किल्ली देतो, त्यांच्या सायकलपासून नेमका कसला धोका आहे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. तिसरं उत्तर सभेत कुणी देत नाही, सभा संपल्यावर चहाच्या वेळी देतात: चांगलं दिसत नाही हो.

चौथं उत्तर जरा बरं आहे. ‘महापालिकेने आधी सायकल ट्रॅक करावेत, मग आम्ही बघू.’ ट्रॅक व्हावेत, जरूर व्हावेत. पण मी मांजलपूरहून रावपुऱ्यात कामाला सायकलने जाते, आणि मला सांगायचं ते वेगळंच आहे. लालबागचा पूल चढताना दम लागतो, खरं आहे. पुढे राजमहाल रोडला झाडांखाली आलं की तो उतरतो. खंडेराव मार्केटपाशी फुलवाल्यांच्या पाट्यांमधून वाट काढावी लागते, तिथे घाई चालत नाही आणि हिवाळ्याच्या सकाळी ती करावीशीही वाटत नाही. जुन्या गावातले रस्ते अरुंद आहेत, पण तिथे सगळेच हळू असतात. कधी काम पुढे असलं तर मी काळ्या घोड्याच्या चौकापर्यंत जाते. विश्वामित्रीच्या पुलावर कठड्याला टेकून दोन-चार माणसं खाली मगर दिसते का ते बघत असतातच, त्यांच्यात मीही मिनिटभर थांबते. मोटारीतून हे जमत नाही, मागचा हॉर्न वाजवतो. एकूण मोठ्या रस्त्यांशी माझं बरं चाललं आहे. त्रास होतो तो सोसायट्यांच्या तोंडाशी, गेटपासून रस्त्यापर्यंतच्या त्या पंधरा-वीस पावलांत. ती पावलं तुमच्या ताब्यात आहेत. आणि दर ऋतूत तिथे काहीतरी नवीन वाढून ठेवलेलं असतं.

उन्हाळ्याचं बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 अंशांना जातो. सकाळी आठपासून बाहेर उभ्या असलेल्या सायकलच्या सीटवर दुपारी एकला बसून दाखवावं, अशी स्पर्धा वर्धापनदिनाला ठेवायला हरकत नाही. ट्यूबला लावलेली ठिगळं तापून सुटतात, हवा जाते, आणि चार घरची कामं उरकून निघालेली बाई त्या उन्हात पंक्चरवाला शोधत सायकल ढकलत जाते. बाहेर सावली असती तर आत घेण्याचा हट्ट मी एवढा धरला नसता. पण भिंतीलगतच्या कडुलिंबाच्या फांद्या आपण छाटून टाकतो, फाल्गुनात पानगळ होते आणि पानं गाडीच्या बॉनेटवर पडतात म्हणून. पुढे पंधरा दिवसांनी पाडव्याला कोवळी पानं हवीत म्हणून त्याच झाडाखाली हात वर करून आपणच उभे. बहावा फुलला की त्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे आणि त्याची फांदी वायरला लागते म्हणून अर्जही द्यायचा. राजमहाल रोड आणि एखादी नवी वसाहत यांत दुपारी दोन वाजता किती फरक आहे, ते एसी लावलेल्या गाडीत कळत नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. परब, म्हणजे पाणपोई, मांडण्यात हे गाव कधी हात आखडत नाही. गेटवर माठ भरून ठेवणाऱ्या सोसायट्या पुष्कळ आहेत. त्याच माठाशेजारी सायकलीसाठी पत्र्याचं छप्पर एवढंच मागते आहे.

पावसाळ्यात मामला उताराचा होतो. गाडीचं पोट घासू नये म्हणून सोसायटीचं आवार रस्त्यापेक्षा उंच करतात आणि गेटपुढे सिमेंटचा उतार काढतात. तो उतार आपल्या हद्दीत थांबत नाही. रस्त्याच्या कडेवर तीन-चार फूट पुढे येतो, कडेची गटार बुजवतो. शेजारची सोसायटी तिचा उतार अर्धा फूट आणखी वर काढते. अशा दोन उतारांच्या मध्ये जो खड्डा राहतो त्यात पहिल्या सरीपासून पाणी साचतं. वरून धाब्याचे, म्हणजे गच्चीचे, पाइप भिंतीतून बाहेर काढून रस्त्यावर सोडलेले असतात, त्यांची धारही तिथेच. आता सायकलवाला चालतो कुठे? कडेनेच. प्रत्येक गेटपाशी त्याला रस्त्याच्या मध्ये यावं लागतं, म्हणजे मागून येणाऱ्या डंपरच्या पुढ्यात. नाहीतर पाण्यात चाक घालायचं आणि खाली झाकण आहे की नाही ते देवावर सोपवायचं. भाद्रपदापर्यंत त्या ओल्या सिमेंटवर हिरवं शेवाळ धरतं. तिथे ब्रेक दाबायचा नसतो, हे मात्र एकदा चालवलं की कळतं.

बडोद्याच्या पाण्याबद्दल बोलताना आपण लगेच पुरावर घसरतो. 31 जुलै 2019ला एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस झाला. ऑगस्ट 2024मध्ये विश्वामित्री धोक्याची 26 फुटांची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली. त्या पुरानंतर दोन तरुणांनी एक मगर स्कूटरवर आडवी घेऊन वनखात्याच्या कार्यालयात पोचवली आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. दोघांपैकी एकाच्या मांडीवर मगर आणि स्कूटर रहदारीतून चाललेली. परगावचे नातेवाईक अजून विचारतात, ते खरं होतं का? खरं होतं. पण पावागढच्या डोंगरातून येणारी नदी आणि आजव्याच्या तलावाचे दरवाजे यांवर कुठल्या सोसायटीचा ठराव चालणार नाही. धाब्याच्या पाइपावर चालेल. ते पाणी आवारातच खंभाती कुव्यात, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायच्या विहिरीत, जिरवता येतं. हे तंत्र गुजरातला नवीन नाही, आणि उन्हाळ्यात बोअरला पाणी कमी पडतं तेव्हा याच सभेत आरडाओरडा होतो. उताराचं तोंड आत सरकवायला एक गवंडी आणि दोन दिवस लागतात.

नवरात्रीबद्दल थोडकंच. गरबा बघायला मोठ्या मैदानावर जा, नाहीतर सोसायटीत खेळा, मला दोन्ही आवडतं. नऊ रात्री गेटबाहेर दोन्ही अंगांनी गाड्यांच्या दुहेरी रांगा लागतात, त्यातली डावीकडची आतली रांग नको एवढंच म्हणणं आहे. त्या दिवसांत मध्यरात्री सायकलवरून घरी येण्याइतकं सुख बडोद्यात दुसरं नाही. हवा उतरलेली असते, चणिया-चोळीतल्या मुली एकट्या-दुकट्या निर्धास्त चाललेल्या असतात, सेव उसळीच्या गाड्या चालू असतात. पण गाड्यांची आतली रांग ज्या डाव्या कडेला लागते, पायी चालणाऱ्यांनाही तीच कड लागते.

आता उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत. इथे मी जरा जास्त जागा घेणार आहे.

डिसेंबर लागला की रस्त्याच्या कडेला खांब रोवून दोरीला रंग आणि काचेची पूड पाजायला सुरुवात होते. गेंडीगेटच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पौषातली थंडी, उंधियूची पातेली, जवारीचा कोवळा पोंक, चिक्की. मला ह्या दिवसांवर अजिबात राग नाही. माझं लहानपण फिरकी धरण्यात गेलं आणि अजूनही कुणी बोलावलं तर मी धाब्यावर जाते. 14 जानेवारीला सगळं शहर छपरावर असतं, रस्ते ओस पडलेले असतात. सायकल चालवायला वर्षातला सगळ्यात चांगला दिवस तोच असायला हवा होता. पण त्याच दिवशी सायकल घराबाहेर काढायची भीती वाटते.

कापलेला पतंग दिसतो, त्याच्या मागची दोरी दिसत नाही. ती झाडाला, वायरला, दोन गच्च्यांच्या मध्ये अडकते, ढिली होऊन रस्त्यावर आडवी लोंबते, आणि दुसऱ्या टोकाने कुणीतरी तिला हिसका देतो. दुचाकीवरच्या माणसाच्या गळ्याशी ती येते तेव्हा ती दोरी राहिलेली नसते, पातं झालेलं असतं. दर वर्षी गुजरातेत अशी माणसं जातात, त्यात आईबापांच्या पुढ्यात उभी राहिलेली मुलं असतात. स्कूटरवाले आता हँडलला लोखंडी सळीची कमान लावून घेतात. सायकललाही ती लावता येते आणि मी लावते, गळ्याभोवती जाड मफलरही गुंडाळते. पण सकाळी सहाला पेपर टाकायला निघालेल्या पोराला सळी कोण लावून देतं? त्या दिवशी पेपर, दूध, आपल्याकडच्या पाहुण्यांसाठी जास्तीच्या पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, हे सगळं चालूच असतं. आपण धाब्यावर ‘लपेट’ ओरडत असतो आणि आपलंच माणूस खाली आपल्याच दोरीखालून येत असतं.

नायलॉनच्या दोरीवर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 सालीच बंदी घातली. तरीही ती मिळते, कारण घेणारे आपण आहोत. फिरकी आत कोण घेऊन येतं हे गेटवर कळू शकतं. जी कमिटी मावशींची सायकल गेटवर अडवू शकते, तिला नायलॉनची फिरकी अडवणं अवघड जाऊ नये. पक्ष्यांसाठी सरकार दर जानेवारीत 10 ते 20 तारखेपर्यंत करुणा अभियान चालवतं, जखमी कबुतरं आणि बगळे उचलायला लोक धावतात, ते चांगलंच आहे. दोरी मात्र कुणी उचलत नाही. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे 15 जानेवारीच्या, रात्री धाब्यावरचे स्पीकर उतरवले की सण संपला असं आपण धरतो, आणि पुढे होळीपर्यंत झाडांवरून गुंते लोंबत राहतात. पहाटेच्या धुक्यात ते मुळीच दिसत नाहीत, पेडलमध्ये आणि चेनमध्ये अडकतात, कधी चेहऱ्यावर येतात.

म्हणून 16 जानेवारीची सकाळ सोसायटीने राखून ठेवावी. दोन बांबू, टोकाला आकडी, चार पोती. आपल्या भिंतीपासून रस्त्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत जेवढी दोरी हाताला लागेल तेवढी काढायची. वायरीवरची सोडायची, ते वीजवाल्यांचं काम आहे आणि त्यात जीव जातो. लहान मुलांना गुंत्याच्या वजनावर बक्षीस ठेवलंत तर बारा वाजेपर्यंत झाडं मोकळी होतात. खर्च चिक्कीच्या चार पाकिटांचा. आदल्या दोन दिवशी जे सायकलवर कामाला येतात त्यांना एक तर सुट्टी द्या, पगारी, नाहीतर त्यांना घ्यायला गाडी पाठवा. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला आपण पाठवतोच.

अशा पत्रात सयाजीराव महाराजांना आणायची आपली जुनी सवय आहे. त्यांनी 1906 साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याआधी बाग दिला, आजव्याचं पाणी दिलं, वगैरे. सगळं खरं आहे. पण गेटच्या आत सायकल घ्यायला कुठल्या महाराजांची गरज नाही, साध्या बहुमताने भागतं.

ठरावाचा मसुदा तुमच्या सोयीसाठी लिहून देते. ‘सोसायटीत कामानिमित्त अगर राहण्यास असणाऱ्या कोणाचीही सायकल आवारात ठेवण्यास मुभा राहील; त्यासाठी छपराची जागा व साखळी अडकवण्यास लोखंडी पाइप यांची सोय कमिटी दिवाळीपूर्वी करील; याविरुद्धची पाटी काढून टाकण्यात येईल.’ सूचक म्हणून माझं नाव घाला. अनुमोदक मिळेल, मी दोघा-तिघांशी बोलून ठेवलं आहे. एक डॉक्टर आहेत, रोज पहाटे हेल्मेट घालून हायवेला सायकलिंगला जातात. त्यांची परदेशी सायकल मात्र लिफ्टने चौथ्या मजल्यावर जाते, आणि तिला आजवर कुणी हटकलेलं नाही.

कळावे,
आपली,
मांजलपूरच्या एका सोसायटीची सभासद

ता. क. छप्पर करताना पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत टाळा, तिथे दुपारनंतर ऊन येतं. पाइप जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर घ्या, म्हणजे लेडीज सायकलच्या दांड्यालाही साखळी पोचते. आणि शेजारी हवा भरायचा एक पंप बांधून ठेवा, पायाने दाबायचा. हाताच्या पंपाची नळी कुणीतरी हमखास काढून नेतं.